देवाची शिस्त आणि माणसाचे दुःख

ख्रिस्ती घरात मोठे आजारपण आले, नोकरी गेली, तरुण मुलगा अपघातात दगावला, की भेटायला येणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतो की देव यातून काहीतरी शिकवत असेल. बोलणाऱ्याच्या मनात कळवळा असतो. शास्त्राचा आधारही त्याला ठाऊक असतो. बाप मुलाला शिस्त लावतो तसा देव आपल्या लेकरांना लावतो, हे इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायातले शिक्षण त्याने उपासनेत अनेकदा ऐकलेले असते. हळूहळू दुःख आणि शिस्त या दोन गोष्टी त्याच्या मनात एकच होऊन जातात. जिथे दुःख दिसेल तिथे देव सुधारणा करतो आहे, आणि दुःख जितके मोठे तितका धडा मोठा, असे गणित तयार होते.

हे गणित उथळ आहे आणि ख्रिस्ती जीवनाचे दुहेरी नुकसान करणारे आहे. दुःखात सापडलेल्यावर ते न केलेल्या गुन्ह्याचा संशय लादते आणि सुखात असलेल्याला चौकशीशिवाय सोडून देते. या लेखाचे म्हणणे असे आहे : आपण केलेल्या एखाद्या ठरावीक अन्यायाचे सत्य माणसापर्यंत पोहोचावे, ते त्याने मान्य करावे आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्याशी त्याचे वागणे बदलावे, यावरून देवाची शिस्त ओळखावी. या वाटेवर वेदना कधी भेटते, कधी भेटतच नाही. आत्मिक वाढ किती झाली हे मात्र बदललेल्या वागण्यावरूनच कळते.

येशूने नाकारलेले गणित

पिलाताने काही गालीली माणसांना यज्ञाच्या वेळीच ठार मारल्याची बातमी लोकांनी येशूला सांगितली, असा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. येशूने त्याला दुसऱ्या दुर्घटनेची जोड दिली. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण मेले होते. हे मेलेले लोक इतरांपेक्षा जास्त पापी होते काय, असा प्रश्न त्याने स्वतःच विचारला आणि स्पष्ट नकार दिला. मग तो ऐकणाऱ्यांकडे वळला आणि पश्चात्ताप तुम्ही करा, असे त्याने त्यांना बजावले.

इथे येशू दोन गोष्टी वेगळ्या करतो. मेलेल्यांच्या मरणाचा अर्थ लावण्याचा अधिकार तो जमावाला देत नाही. जमावाने स्वतःला तपासावे, हा आग्रह मात्र सोडत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसताच शिष्य विचारतात की पाप याचे की याच्या आईबापांचे. तिथेही येशू हे दोन्ही पर्याय फेटाळतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो.

ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट तर या गणिताविरुद्धचा निकालच आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र ईयोबाला अध्यायामागून अध्याय एकच गोष्ट पटवत राहतात, की त्याचे दुःख हा त्याच्या पापाचा पुरावा आहे. अखेरीस देव बोलतो तेव्हा ईयोबाला त्याच्या समजेची मर्यादा कळते खरी, पण त्याच्या दुःखामागे कोणते पाप होते याचा देव उच्चारही करत नाही. देवाचा राग होतो तो मित्रांवर, कारण ते देवाविषयी खरे बोलले नाहीत. त्यांच्यासाठी ईयोबाला प्रार्थना करावी लागते. दुसऱ्याच्या दुःखाचे कारण आपल्याला ठाऊक आहे असे मानणाऱ्यांनाच त्या पुस्तकात स्पष्ट शब्दांत दोषी ठरवले आहे.

इब्री पत्राचे वाचक कोण होते

मग इब्री पत्राचे काय? ते वाचताना त्याचे पहिले वाचक डोळ्यांसमोर हवेत. दहाव्या अध्यायावरून त्यांची परिस्थिती कळते. त्यांची उघड निंदा झाली होती, मालमत्ता लुटली गेली होती, आणि तुरुंगात पडलेल्या बांधवांच्या दुःखात ते सहभागी झाले होते. म्हणजे त्यांनी सोसले ते विश्वासाला धरून राहिल्यामुळे. त्यांच्या हातून काही गुन्हा घडला होता आणि त्याची सजा म्हणून हे आले, असे पत्र कुठेही म्हणत नाही.

याच पत्राच्या पाचव्या अध्यायात येशूविषयी असे शिक्षण आहे की तो पुत्र असूनही सोसलेल्या गोष्टींतून आज्ञाधारकपणा शिकला. ज्याच्या ठायी पाप नव्हते, असे हेच पत्र सांगते, तोही शिकला. तेव्हा या लेखकाच्या दृष्टीने शिस्त म्हणजे सजा असूच शकत नाही. विरोध होत असतानाही नीतीने कसे वागायचे याचा तो सराव आहे. म्हणून बाराव्या अध्यायात शिस्तीचे फळ सांगताना लेखक नीतिमत्त्वाचा आणि शांतीचा उल्लेख करतो. त्यानंतर लगेच तो थकलेल्या हातांना बळ द्यायला, लंगड्यांची वाट सरळ करायला आणि सर्वांबरोबर शांतीने राहायला सांगतो. शिस्तीचा परिणाम शेजाऱ्याच्या आयुष्यात दिसला पाहिजे, अशी त्याची अपेक्षा आहे.

शिस्त घडते कशी : तीन पायऱ्या

पहिली पायरी, चुकीला नाव मिळणे. दावीद राजाने बथशेबेला वाड्यात आणवले. मग तिचा नवरा उरीया याला लढाईत जिथे मार जास्त तिथे उभे करण्याची आज्ञा पत्रात लिहिली आणि ते पत्र खुद्द उरीयाच्याच हाती सेनापतीकडे पाठवले. त्यानंतर मूल जन्मेपर्यंत महिने गेले. राज्य चालू होते, दावीदही सुखरूप होता. त्याला जागे केले ते नाथान संदेष्ट्याच्या शब्दांनी. नाथानाने ‘तू पापी आहेस’ असे मोघम सांगितले नाही. गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगून त्याने दावीदाच्या तोंडूनच निकाल वदवला आणि मग तो माणूस तूच, असे सांगितले. ‘माझे काहीतरी चुकले असेल’ अशी धूसर अपराधी भावना माणसाला कुरतडत राहते, पण बदलत नाही. नेमक्या चुकीचे नाव घेतले की पुढे काय करायचे ते कळते.

दुसरी पायरी, बोलणारा माणूस. बायबलमध्ये देवाची शिस्त बहुतेक वेळा कोणाच्या तरी तोंडून येते. पेत्र अंत्युखियात यहूदीतर विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत असे, पण याकोबाकडची यहूदी माणसे येताच तो मागे सरला. तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर जाब विचारला. ही हकीगत गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पेत्रासारख्या अग्रणी प्रेषिताची चूक एका सहकाऱ्याने दाखवली, आणि तीही पंगतीतून बाजूला टाकल्या गेलेल्यांच्या बाजूने उभे राहून.

तिसरी पायरी, भरपाई. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय याच्या आयुष्यात कोणतेही संकट आले नव्हते. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून उतरला, इतकेच घडले. त्यावर जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे ठरवले आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले. पश्चात्तापाने इथे रकमेचे रूप घेतले, म्हणूनच तो खरा होता हे लोकांना दिसू शकले.

एकच पाप, दोन माणसे

या पायऱ्या खऱ्या आहेत का, हे अठराव्या शतकातल्या दोन माणसांच्या आयुष्यांवरून तपासता येते. दोघांपुढे गुलामगिरीचेच पाप होते.

जॉन न्यूटन १७२५ साली लंडनमध्ये जन्मला. ‘अमेझिंग ग्रेस’ या गीताचा कर्ता म्हणून जग त्याला ओळखते. त्याची कहाणी बहुधा अशी सांगतात : गुलामांच्या व्यापारातला खलाशी वादळात सापडला, देवाचा धावा केला आणि बदलला. प्रत्यक्षात काय घडले ते वेगळे आहे. तरुणपणी नौदलातून पळून गेल्याबद्दल त्याला फटके बसले होते. पुढे सिएरा लिओनच्या किनाऱ्यावर एका गुलामव्यापाऱ्याच्या हाताखाली तो उपाशी, आजारी आणि अपमानित अवस्थेत राहिला. बेड्यांत जखडलेल्या गुलामांनी त्या काळात आपल्या तुटपुंज्या घासातून त्याला चोरून खायला दिले, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. मार्च १७४८ मध्ये ‘ग्रेहाउंड’ जहाजावर वादळ आले आणि त्याने प्रार्थना केली.

दुःखच शिकवत असते तर न्यूटनइतका शिकलेला माणूस सापडला नसता. भूक, फटके, गुलामासारखे जिणे आणि मरणाचे वादळ हे सारे त्याने पंचविशीच्या आत भोगले होते. तरीही वादळानंतर तो गुलाम नेणाऱ्या जहाजांवर चढतच राहिला आणि १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून त्याने अशा तीन सफरी केल्या. ज्यांच्यातल्या काहींनी त्याला जेवू घातले होते, त्याच लोकांना तो बेड्या घालून अटलांटिकपार नेत होता, आणि जहाजावर नेमाने प्रार्थनाही करत होता. १७५४ साली त्याने समुद्र सोडला तो आजारपणामुळे. १७६४ साली त्याला दीक्षा मिळाली, त्याच वर्षी त्याचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले, पण त्या व्यापाराचा धिक्कार त्यात नव्हता. १७७३ च्या पहिल्या दिवशी त्याने ओल्नी गावात ते प्रसिद्ध गीत सादर केले, तेव्हाही या विषयावर तो जाहीरपणे काही बोलला नव्हता. ‘थॉट्स अपॉन दि आफ्रिकन स्लेव्ह ट्रेड’ ही पुस्तिका आली १७८८ साली, वादळानंतर चाळीस वर्षांनी. तीत त्याने आपला सहभाग कबूल केला, ही कबुली फार उशिरा येत असल्याचेही मान्य केले आणि जहाजांच्या तळघरात माणसे कशी कोंबली जात ते उघड केले. पुढे त्याने संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली.

वादळाने काहीच केले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. त्या रात्रीनंतर न्यूटन देवाकडे वळला, शिवीगाळ सोडली, बायबल वाचू लागला. पण त्या काळात आपण पूर्ण अर्थाने विश्वासणारे नव्हतो, असे त्याने नंतर स्वतःच लिहिले. वादळाने त्याला स्वतःच्या मरणाचे भय दिले. तळघरातल्या माणसांविषयी वादळ काही सांगू शकत नव्हते, आणि त्याच्याभोवतीचा प्रतिष्ठित ख्रिस्ती समाजही सांगत नव्हता.

दुसरा माणूस जॉन वूलमन, जन्म १७२०, न्यू जर्सीतला, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. तरुणपणी तो माउंट हॉली इथे एका दुकानदाराकडे कामाला होता. मालकाने आपली एक गुलाम स्त्री विकली आणि विक्रीचा दस्त लिहायला वूलमनला सांगितले. घेणाराही क्वेकरच, वयस्क. वूलमनने दस्त लिहिला, पण मन खाऊ लागल्यावर गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असे दोघांसमोर बोलून दाखवले. पुढे कोणी असाच कागद लिहायला सांगितला तेव्हा त्याने नकार दिला. इथे वादळ नव्हते, उपासमार नव्हती. हातात लेखणी होती आणि कागदावर एका बाईची किंमत होती.

वूलमनची शिस्त तिथे थांबली नाही. तो गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरोघर जाऊन शांतपणे बोलत राहिला, आणि अशा घरी मुक्काम केला तर तिथल्या गुलामांना त्यांच्या सेवेचे पैसे देत असे. १७५४ साली, म्हणजे न्यूटनने जहाज सोडले त्याच वर्षी, वूलमनचा गुलामगिरीविरोधी निबंध छापला गेला. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या क्वेकर वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सदस्यांना भेटून समजावण्याचे ठरवले, आणि १७७६ साली सदस्यांना गुलाम बाळगण्याची बंदीच केली. वूलमन तोवर हयात नव्हता, १७७२ साली इंग्लंडमध्ये यॉर्क इथे देवीच्या रोगाने तो गेला. १७८३ साली इंग्लंडच्या क्वेकरांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेकडे अर्ज केला. १७८७ साली लंडनमध्ये व्यापारबंदीसाठी समिती स्थापन झाली, तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ क्वेकर होते. त्या चळवळीच्या वातावरणात पुढच्याच वर्षी न्यूटनची कबुली आली.

म्हणजे न्यूटनला त्याचा नाथान भेटला तो सत्य बोलणाऱ्या माणसांच्या रूपाने, आणि फार उशिरा.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप शास्त्राचाच आहे. दावीदाचे बाळ मेले, आणि करिंथच्या मंडळीत काही जण आजारी पडले व काही मेले त्याचा संबंध पौलाने प्रभुभोजनातल्या गैरवागणुकीशी जोडला. मग दुःख आणि शिस्त यांचे नाते नाकारता येईल काय? सरसकट नाकारता येणार नाही, आणि हे उतारे कठीण आहेत हे मान्य केले पाहिजे. पण दोन्ही ठिकाणी चूक आधी नेमकी सांगितली आहे. दावीदाने उरीयाला मारवले. करिंथमध्ये काही जण आधीच पोटभर जेवत आणि गरीब उपाशी राहत. दावीदाची कबुलीही बाळ आजारी पडण्याच्या आधी झाली. शिवाय बोलणारा एकीकडे संदेष्टा होता, दुसरीकडे प्रेषित. दवाखान्यात भेटायला गेलेल्या माणसाकडे ना असा अधिकार असतो, ना अशी माहिती.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. आजारपणाने आपण बदललो, अशी मनापासून साक्ष देणारे अनेक जण असतात. त्यांची साक्ष खोटी ठरवण्याचे कारण नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकांत मिळतो, दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते, आणि टाळलेल्या गोष्टी आठवतात. देव अशा वेळेचा उपयोग करतो. पण त्याच रोगाने शेजारच्या खाटेवरचा माणूस कडवट होतो. तेव्हा बदल घडवणारी गोष्ट रोगाहून वेगळी असली पाहिजे. एक फरक आणखी पाळावा लागतो. स्वतःच्या दुःखाविषयी ‘मी यातून शिकलो’ असे म्हणणे ही साक्ष होते, दुसऱ्याच्या दुःखाविषयी तेच म्हणणे म्हणजे अलीफजाची भूमिका घेणे होय.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. चूक दाखवणारा माणूस लागतो असे मानले, तर मंडळीच्या पुढाऱ्यांच्या हाती चाबूकच दिल्यासारखे होईल. धर्माच्या नावाने बायकामुलांना आणि गरिबांना धाक घालणारी शिस्त जगाने पुष्कळ पाहिली आहे. या धोक्यावर शास्त्रातच तीन कसोट्या आहेत. एक, अंत्युखियाप्रमाणे शिस्त बलवानालाही लागू झाली पाहिजे आणि तिने दुबळ्याचे रक्षण केले पाहिजे. दोन, गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे ती सौम्यतेने आणि स्वतःकडे नजर ठेवून लावली पाहिजे. तीन, तिला शेवट असला पाहिजे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल शिक्षा झालेल्या माणसाविषयी सांगतो की आता पुरे, त्याला क्षमा करा आणि धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. ज्या मंडळीत फक्त गरिबाच्या मुलीला जाब विचारला जातो आणि हिशेब न देणाऱ्या खजिनदाराला कोणी काही विचारत नाही, तिथे देवाची शिस्त चालू नाही.

मराठी मंडळीपुढचा प्रश्न

दुःखाला पापाचे प्रमाणपत्र मानण्याची रीत फक्त ख्रिस्ती लोकांची नाही. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकात नोंदवले की वैधव्य हे पूर्वजन्मीच्या अपराधांचे फळ मानले जाते, आणि म्हणून विधवेच्या छळाला धर्माचा आधार मिळतो. त्या स्वतः १८८२ साली विधवा झाल्या होत्या. पूर्वजन्माच्या जागी देवाची शिस्त हे शब्द घातले आणि वागणूक तीच ठेवली, तर मराठी ख्रिस्ती माणसाने सुवार्तेतून काय मिळवले? रमाबाईंनी स्वतः घेतलेली दिशा वेगळी होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीत सापडलेल्या मुली-बायकांना त्यांनी आणले, आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले.

रमाबाईंच्या आत्मिक वाढीची हकीगतही लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता, हे कळायला सुमारे आठ वर्षे लागली. हे त्यांच्या लक्षात आले ते एका इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना आणि शास्त्राचा शोध घेताना. आईवडिलांचा दुष्काळातला मृत्यू, भावाचा आणि पतीचा मृत्यू हे सारे आधीच होऊन गेले होते.

आज मराठी आणि कोकणी ख्रिस्ती समाजापुढे न्यूटनच्या जहाजासारखे, म्हणजे सवयीमुळे पाप न वाटणारे पाप कोणते? उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. गोव्यातल्या काही गावांत चर्चच्या कोन्फ्रारियांचे, म्हणजे धार्मिक बंधुसंघांचे, सदस्यत्व आणि फेस्ताचे मान पिढ्यान्‌पिढ्या जातीनुसार वाटले गेले. महाराष्ट्रात बाप्तिस्म्याला चार-पाच पिढ्या लोटल्यावरही लग्न जुळवताना मूळ जात विचारली जाते. याच मंडळ्यांत आजाऱ्याच्या उशाशी बसून देवाच्या शिस्तीवर बोलणारे पुष्कळ असतात, पण या पंगतभेदाला देवाची शिस्त लावायला उभे राहणारे थोडे.

उपवासकाळात अनेक मंडळ्या आत्मपरीक्षणाच्या सभा घेतात. त्या सभांचा विषय बदलायला हवा. संकटातून देवाने काय शिकवले, या साक्षींबरोबर आणखी काही प्रश्न पास्टोरेट कमिटीने स्वतःला मोठ्याने विचारावेत : चर्चच्या शिपायाचा आणि शिक्षिकेचा पगार वेळेवर आणि पुरेसा दिला जातो का, कोणत्या कुटुंबाला कमिटीत आजवर जागा मिळाली नाही, कोणाची तक्रार मंडळीची बदनामी नको म्हणून दाबली गेली. ज्यांचे ऐकायचे राहून गेले त्यांच्याकडे पाळकाने स्वतः जावे, ऐकून घ्यावे, आणि जे परत करायचे ते परत करावे. दुःखात असलेल्यांकडे जाताना डबा न्यावा, औषधाचा खर्च वाटून घ्यावा, आणि देव त्यांना काय शिकवतो आहे हे सांगण्याचे काम आपल्यावर सोपवलेले नाही, हे लक्षात ठेवावे.